हवेच्या बाजूला तेल

आष्ट्याच्या हुसेन मिस्त्रींबद्दल लिहायचं मी चार महिने टाळत होतो. का टाळत होतो ते पुढे येईलच, आधी माणूस सांगतो.

मी नानासो, कडेगावच्या बाजूचा. एका आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना एकोणतीस वर्षं शिकवलं. खरं सांगायचं तर त्यातला बराचसा भाग मी स्वतः कधी हातात न धरलेल्या वस्तूंबद्दल होता. आमच्या वर्कशॉपात कापून ठेवलेलं इंजिन माझ्याच वयाचं असेल. त्याला टर्बो नव्हता. पुस्तकात मात्र ‘सुपरचार्जिंग’ नावाचा पाठ होता आणि मी तो इमानेइतबारे फळ्यावर उतरवायचो. सिलिंडरमध्ये वातावरणापेक्षा जास्त दाबाने हवा भरणे म्हणजे सुपरचार्जिंग. पोरं ते पाठ करायची, पास व्हायची, आणि उसाच्या ट्रकखाली शिरली की तिथं टर्बो बघून माझा उद्धार करायची.

त्यातल्याच एकानं मला कराडच्या स्टँडवर गाठलं. “सर, तुमी वर्षभर शिकवलं ते आष्ट्याच्या हुसेन मिस्त्रीनं धा मिंटात समजून दिलं.” पोरगं कौतुकानं सांगत होतं, पण माझं डोकं फिरलं. पुढच्याच रविवारी मी आष्ट्याला गेलो, भांडायच्या तयारीनं.

इस्लामपूर रस्त्याला पत्र्याचं शेड होतं. आत लांब बाकावर गोगलगायीच्या आकाराचे टर्बो ओळीनं मांडलेले. मागे एक किडकिडीत माणूस डोळे मिटून हातातला शाफ्ट, म्हणजे टर्बोचा फिरणारा दांडा, दोन बोटांत हलवत बसला होता. शाफ्ट वरखाली किंचित हलला तर चालतो, आतबाहेर हलला तर टर्बो गेला. कंपन्या हे मोजायला घड्याळासारखं यंत्र वापरतात, मिस्त्री अंगठा आणि तर्जनी वापरायचे. मी माझी ओळख सांगितली आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, “सुपरचार्जिंग म्हणजे काय, सांगा बघू.”

“सर, आमचा बा कल्हई करायचा,” ते म्हणाले. “खड्डा, कोळसा आन भाता. भाता मी वढायचो. नुसता कोळसा पेटवून ठिवला तर पातेलं तापायला अर्धा तास. भाता मारला की पाच मिंटात लाल. कोळसा तेवढाच, पातेलं तेच. मग जाळ कशानं वाढला? हवेनं. इंजनाचं तसंच हाय. ते आपलं आपण श्वास घेतंय तवा त्याची छाती कवाच पुरी भरत न्हाई. तुमी डिझेल वाढवून घाला, हवा न्हाई तर नुसता काळा धूर. म्हणून हवा दाबून घालायची. हवा जास्ती, की डिझेल जास्ती जाळता येतंय. सिलिंडर तेवढाच, ताकद दीडपट.”

मला हार मानायची नव्हती. “आणि सुपरचार्जर, टर्बो, यात फरक काय?”

त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली. “अकिला, जरा हिकडं ये.” त्यांची बायको हात पुसत बाहेर आली. “ही लग्न हुन आली तवा भाता हिच्या हातात गेला. ताकद हिची जायाची, पर मी म्हणंल तवा लगेच वारा. त्यो सुपरचार्जर. इंजनाच्याच पट्ट्यावर फिरतोय, इंजनाचीच थोडी ताकद खातोय, पर हाक मारली की हजर. आन टर्बो म्हंजी, भट्टीचा धूर जाता जाता त्यानंच एक चाक फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते हवा आत ढकलणार. धूर तसा बी वायाच चाललावता. फुकटचा भाता. फकस्त धुराला जोर येईस्तवर जरा दम धरावा लागतोय.”

“तवा का न्हाई शोधला ह्यो फुकटचा भाता?” अकिलाभाभी म्हणाल्या. “माझी कंबर तरी वाचली असती.”

त्या दिवसापासून दरवर्षी मी पोरांची अख्खी बॅच आष्ट्याला न्यायला लागलो. फळ्यावरचा पाठ मी बंद करून टाकला, आणि त्याबद्दल प्राचार्यांचा मेमोही खाल्ला.

मिस्त्री शांत होते, पण एका गोष्टीवर भडकायचे. आमच्याकडे जुन्या ड्रायव्हरांना खोड आहे, गाडी बंद करताना शेवटची एक जोरात रेस द्यायची आणि मग चावी फिरवायची. त्याशिवाय गाडी थांबवल्याचं समाधान मिळत नाही. जुन्या इंजिनाला ते चालून जायचं. टर्बोचा शाफ्ट मात्र मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगतो. रेस देऊन इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो आणि शाफ्ट फिरतच राहतो, कोरडा. बेअरिंग जळतं, सील जातं आणि मधलं तेल हवेच्या बाजूला यायला लागतं. मग इंजिन हवेबरोबर स्वतःचंच तेल पितं. निळा धूर सुटतो. कधी कधी ते इतकं तेल पितं की चावी काढली तरी थांबत नाही. मिस्त्री टर्बो बसवून दिला की ड्रायव्हरला सीटवर बसवायचे आणि इंजिन हळू चालू ठेवून मोठ्यानं एकशेवीसपर्यंत आकडे मोजायला लावायचे. मोजून झाले की मगच बंद करायचं. मिशा पिकलेले ड्रायव्हर शाळेतल्यासारखे आकडे म्हणायचे आणि आमची पोरं खिदळायची.

शेवटची जोडणी अकिलाभाभींच्या हातची असायची. चाक कुणी साफ केलं, सील कुणी बसवलं, काही असो, शाफ्ट त्या स्वतः चढवायच्या. बोट तेलात बुडवायचं, शाफ्टवरून फिरवायचं, मग आत सोडायचा. शाफ्ट कोरडा बसवला तर पहिल्या चार सेकंदांतच खरवडतो, कारण पंपाचं तेल पोचायला तेवढा वेळ लागतो. तीस वर्षांत त्यांनी किती हजार शाफ्ट चढवले असतील देव जाणे. बोलत असल्या तरी, दारातल्या माणसाकडे बघत असल्या तरी, बोट आपोआप तेलाच्या वाटीत जायचं.

मिस्त्रींची छाती कशानं गेली याचं कोडं नव्हतं. लहानपणी कल्हईतल्या नवसागराचा धूर. पुढे वीस वर्षं बंद शेडमध्ये वाळूच्या फवाऱ्यानं टर्बोचा कार्बन उडवणं. मी मास्क आणून दिले होते. ते खुंटीला लटकले. “मास्क लावला की आवाज नीट ऐकू येत न्हाई, सर,” म्हणायचे. तोंडाला मास्क आणि कानाला काय होतंय, असं विचारून विचारून मी थकलो. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला आणि फुप्फुसं कडक झाल्याचं सांगितलं. ती आता पुरती फुगत नव्हती. नुसता ऑक्सिजन लावून भागेना, तेव्हा घरी बायपॅप आलं. नाकातोंडावर घट्ट मास्क, त्याला नळी, आणि नळीतून हवा दाबून आत ढकलणारं बुटाच्या खोक्याएवढं मशीन. माझ्या फळ्यावरची व्याख्या मी माणसाच्या तोंडाला लावलेली बघितली.

मिस्त्री मास्कमधूनच म्हणाले, “सर, मला बी टर्बो बसिवला.” मग खोकून खोकून दम घेतल्यावर म्हणाले, “न्हाई, चुकलं. सुपरचार्जर. लायटीवर चालतोय, धुरावर न्हाई.”

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास मी भेटायला गेलो होतो. शेड बंदच असायचं, मागच्या खोलीत खाटेवर मिस्त्री. मशीनमधून बारीक किर्र असा आवाज येत होता. मिस्त्रींनी बोटानं मला जवळ बोलावलं, मास्क किंचित उचलला आणि म्हणाले, “बेअरिंग.” अकिलाभाभी म्हणाल्या, दोन दिवस आवाज येतोय. कंपनीच्या माणसाला फोन केला होता. मशीन पुण्याला पाठवा, पंधरा दिवसांत करून देतो, असं तो म्हणाला. मग पंधरा दिवस या माणसानं करायचं काय?

आम्ही बोलत होतो तोवर आवाज वाढला, किंचाळल्यासारखा झाला, आणि मशीन थांबलं. पडद्यावर लाल खूण आली.

भाभींनी धावत सिलिंडरची नळी लावली. ऑक्सिजन होता, पण ढकलणारं काही नव्हतं. मिस्त्रींचे खांदे श्वासागणिक वर जायला लागले. भाभींनी मुलीला, रुमानाला, फोन लावला. ती साताऱ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, “इथलं एक जादा मशीन मिळवते आणि गाडी करून निघते. अडीच-तीन तास लागतील, अम्मी. तोवर अब्बांना झोपू देऊ नका. झोपायला लागले तर आत घाण हवा साठतीय म्हणून समजा.”

मी म्हटलं, सरळ मिरजेला नेऊ. मिस्त्रींनी मान हलवली. आधी दोनदा ते तिथल्या काचेच्या खोलीत राहून आले होते, हात बांधलेले, तोंडात नळी, ओळखीचं माणूस नाही. तिसऱ्यांदा नेणार नाही असं वचन त्यांनी बायकोकडून घेतलं होतं. शिवाय दाबाशिवाय तासाचा रस्ता त्यांना सोसला असता का, हेही कळत नव्हतं. ते मशीनकडे बोट करून एकच शब्द म्हणाले, “खोला.”

भाभींनी शेडमधून बारीक पेचकस आणले. मी झाकण धरलं, त्यांनी स्क्रू काढले. आत वायरींच्या गर्दीत एक पांढरा डबा होता. तो उघडला आणि आम्ही दोघंही थबकलो. आत मुठीत मावेल एवढं चाक होतं. पाती तशीच वळलेली, शाफ्ट तसाच, फक्त सगळं लहान. भाभींच्या चेहऱ्यावरची भीती तेवढ्यापुरती गेली. हे त्यांच्या ओळखीचं होतं.

“केस अडकल्यात, आन धूळ,” त्या म्हणाल्या. बेअरिंगभोवती काळा गुंडा झाला होता. चिमट्यानं त्यांनी तो काढला. मागे मिस्त्रींचे डोळे मिटायला लागले. मी त्यांचा हात दाबत होतो, “मिस्त्री, एकशेवीसपर्यंत मोजा, मोठ्यानं,” असं ओरडत होतो. ते ओठ हलवायचे, सात-आठपर्यंत जायचे आणि परत डोळे मिटायचे. ओठ जांभळे दिसायला लागले. “भाभी, लवकर,” मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

भाभींनी शाफ्ट दोन बोटांत हलवून बघितला. मग त्यांचं बोट तेलाच्या वाटीत गेलं. पेचकसांच्या ट्रेमध्ये ती वाटी नेहमीच असायची, इंजिन ऑइलची. तेल शाफ्टवरून फिरलं, बेअरिंगमध्ये मुरलं. मी ते बघितलं. एकोणतीस वर्षं शिकवलेला माणूस मी, ते बघून म्हणालो, “हां, कोरडा नको.”

डबा बसला, वायर लागली, बटण दाबलं. मशीन सुरू झालं, बिनआवाजाचं, नवं असतानाही इतकं गुळगुळीत चाललं नव्हतं. मास्क लावला. पाच मिनिटांत खांदे खाली आले, ओठांचा रंग बदलला, डोळे उघडले. भाभी फोन घेऊन दारात गेल्या आणि रुमानाला सांगायला लागल्या, “चालू झालं! मी केलं! सावकाश ये, घाई करू नको.” त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

मिस्त्रींनी नाक आखडलं. पुन्हा आखडलं. मास्कची कड उचलून त्यांनी तर्जनी आत घातली, नळीच्या तोंडाशी फिरवली, बाहेर काढून अंगठ्यावर चोळली. टर्बोचं सील गेलंय का ते बघायची त्यांची हीच रीत होती. मी शंभरदा पोरांना ती दाखवली होती. त्यांनी बोटं माझ्या नाकाजवळ धरली.

गरम इंजिन ऑइलचा वास होता.

मी उठलो. भाभींना हाक मारायला तोंड उघडलं तोच मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कळलं नाही. त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. मास्क परत नीट बसवून घेतला.

मी काय करायला हवं होतं? मास्क काढला तर दाब जातो, दाब गेला तर दहा मिनिटांपूर्वीचे जांभळे ओठ मी बघितले होते. ठेवला तर प्रत्येक श्वासाबरोबर तेल. मी त्यांचा हात धरून बसलो. दोन तास चाळीस मिनिटं बसलो. ते हळू हळू खोकत होते आणि खोकताना तोंड भिंतीकडे वळवत होते. भाभींनी मधे चहा केला. मला तो घोटवेना. “सर, तुमी तर लय घाबरलाव,” त्या मला म्हणाल्या. रुमाना आली, दुसरं मशीन लागलं, आणि मी बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला ओकलो.

चौथ्या दिवशी ताप आला. न्यूमोनिया. रुमानानं कुणाचं ऐकलं नाही, मिरजेला हलवलं. अकराव्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, छातीत काही उरलंच नव्हतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तेलाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही हे इथं सरळ कबूल करतो.

भाभी येईल त्याला सांगायच्या, “त्या दिवशी मी मशीन केलं म्हणून अकरा दिवस तरी मिळालं.” ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा. मी समोर बसून मान डोलवायचो. मेलेल्या माणसानं माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि मला ते सोडवून घ्यायचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात भाभींचा फोन आला. “सर, येताय का जरा? लालासाहेब आल्यात.” लालासाहेब आमच्या कडेगावचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांची बायको मनुबाई दम्यानं घाईला आलेली. मी पोचलो तेव्हा शेडच्या बाकावर तसलंच एक मशीन झाकण उघडून ठेवलेलं होतं. शेजारी पेचकसांचा ट्रे.

“मास्तर, बरं झालं आला,” लालासाहेब म्हणाले. “मिस्त्रींचं मशीन भाभींनी केलेलं अख्ख्या पंचक्रोशीत म्हाईत झालंय. आमचं बी किर्र करतंय दोन दिवस.”

भाभींनी डबा उघडला होता. चाक त्यांच्या हातात होतं, आणि बोट वाटीकडे निघालं होतं.

“भाभी, थांबा,” मी म्हणालो. लालासाहेबांना बाहेर गाडीपाशी थांबायला सांगितलं. ते गेले. मग मी सगळं सांगितलं. वाटी, शाफ्ट, मी स्वतः काय म्हणालो ते, नळीतलं बोट, वास. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. त्या बाकाला टेकून ऐकत होत्या.

“त्यास्नी कळलं हुतं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“कवा?”

“दहा मिनिटांत.”

“मग मास्क का न्हाई काढला? दुसऱ्याच्या टर्बोत थेंबभर तेल दिसलं तर घर डोक्यावर घ्यायचं ते. मला सांगायचं की! शिव्या घालायच्या!” त्यांचा आवाज चढला. “का न्हाई काढला, सर?”

“तुमी दारात रुमानाशी बोलत हुता,” मी म्हणालो. “हसत हुता, भाभी. ते तुमच्याकडं बगत हुते.”

त्यांनी चाक होतं तसं डब्यात ठेवलं, झाकण लावलं, चारही स्क्रू एकेक करून घट्ट केले. एकही स्क्रू आडवा गेला नाही. मशीन कडेवर घेऊन त्या बाहेर गेल्या आणि लालासाहेबांच्या हातात दिलं.

“आजच्या आज दवाखान्यात न्या. तितनं दुसरं मशीन घ्या. हे माझ्या हातचं काम न्हाई.”

लालासाहेब गोंधळले. “आवं भाभी, मिस्त्रींचं तर केलं की तुमी!”

“त्यांनी चालवून घेतलं,” भाभी म्हणाल्या. “मनुबाईस्नी चालायचं न्हाई.”